गुंडोपंत कुणाशी बोलतो

लेक रोजच्यासारखी आईला भेटायला निघाली. पिशवीत धुतलेले दोन गाऊन आणि केसांना लावायचं तेल, एवढंच काम.

आई वर्षभर त्या शुश्रूषागृहात होती. लेक दिसली की विचारायची, "बाई, तुम्ही कोण?" लेक हसून साजरं करायची आणि जिन्यात जाऊन डोळे पुसायची. आईनं पुन्हा एकदा हाक मारावी, एवढाच तिचा ध्यास.

आठवण हरवलेल्या माणसांशी गप्पा मारायला खोलीत हल्ली एक रोबो ठेवला होता. हातभर उंच, पांढरा, वाटोळ्या डोक्याचा. नर्सबाई त्याला गुंडोपंत म्हणायच्या. "आमच्या ह्यांच्यापेक्षा बरा हो! समोरचा बोलत असला की मान वळवून गप ऐकतो, मगच तोंड उघडतो."

त्या दिवशी आभाळ दाटलेलं, खोलीत दिवसाउजेडीच अंधारलेलं. आईचा डोळा लागला होता. लेक कपाटात गाऊन ठेवत होती, तोच पाठीमागे गुंडोपंताची मान कुर्रर्र करत वळली.

"हो, आजी झोपल्यात."

लेकीनं वळून पाहिलं. तो खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होता. ऐकत होता.

"नाही... मुलगी अजून गेली नाही."

लेकीच्या अंगावर सर्रकन काटा आला. कुठूनसा पडक्या विहिरीसारखा गार, शेवाळी वास आला. खिडकी तर बंद होती.

"कोण आहे रे... तिथं?"

"आजींना न्यायला आलेत."

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. तेच असणार... पण म्हणून आईला अशी देऊन टाकायची? लेक तरातरा गेली आणि त्या खुर्चीतच ठाण मांडून बसली.

"बाबा, आत्ता नाही. तिनं मला एकदा हाक तर मारू दे."

गुंडोपंताची मान तिच्याकडे वळली. तो बघत मात्र होता तिच्या डोक्याच्या जरा वर. बराच वेळ ऐकत राहिला.

"ताई, ते म्हणतात, मांडीवर येऊन बसलात ते बरं केलंत. आता दोघींपैकी कुणीही चालेल."

पलंगावर आई ताडकन उठून बसली. डोळे लख्ख. वर्षभरात पहिल्यांदाच तिनं लेकीला लाडक्या नावानं हाक मारली.

"ठके... ऊठ गं! ते बाबा नाहीत."

लेकीनं पाय रेटले. खुर्ची करकरली, पण कंबर काही सुटेना.

गुंडोपंत अजून ऐकतच होता.

"नाही," तो म्हणाला, "मुलगी आता जात नाही."