चार वाजताची फाइल

चष्मेवाल्या काकांनी मंगळवारी दुपारी संगणक अपग्रेड केला तो निव्वळ वैतागून. आठ दिवस पडद्याच्या कोपऱ्यात तीच सूचना भुणभुणत होती, आणि या गृहस्थाला भुणभुण मुळीच सोसत नसे. एरवी हे खातं काकूंचं. त्या कॉलेजात संगणक शिकवायच्या, घरचं यंत्रही त्यांनीच एकेक भाग आणून जोडलेलं. काकांना त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. काकूंना जाऊन नऊ महिने झाले होते.

पण जाण्याआधी काकूंनी एक सोय करून ठेवली होती. रोज दुपारी चारच्या ठोक्याला त्या यंत्रातून त्यांचा आवाज यायचा. आजारपणात भरून ठेवलेला, जरासा बसलेला. "अरे, चार वाजले. चहा टाक. माझा अर्धा कप." बस, एवढंच. काका त्या तीन वाक्यांवर जगत होते, यात काडीचीही अतिशयोक्ती नाही. त्यांच्या चष्म्यांच्या दुकानाला कुलूप पडलं होतं. चारला आपण घरी नसलो तर, या धास्तीनं ते भाजीसुद्धा सकाळीच उरकून येत.

अपग्रेड चालू असताना यंत्रानं मध्येच विचारलं, की एका फाइलीत घरच्या कुणीतरी बदल केलेले दिसतात, तर ती जुनीच ठेवायची की नवी कोरी घ्यायची? काकांनी चष्मा पुसला, प्रश्न तीनदा वाचला आणि जुनी ठेवायची कळ दाबली. जुन्याला धक्का लावायचा नाही, हे काय त्यांना कुणी सांगायला हवं होतं?

चार वाजले. यंत्राचा पंखा घुं घुं करत राहिला. तापलेल्या धुळीचा वास खोलीभर पसरला होता, पडद्यांमागे ऊन साचून राहिलं होतं. आवाज काही आला नाही. सव्वाचारपर्यंत काकांनी वाट पाहिली.

त्यांनी काकूंच्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन लावला. ती आता एका ऑफिसात असलीच दुखणी निस्तरायची.

"घाबरू नका काका. फोन स्पीकरवर टाका, मी सांगते तसं टाइप करा."

एकेक अक्षर शोधत काकांनी टाइप केलं. यंत्रानं दुपारभर काय काय केलं त्याच्या नोंदी पडद्यावर आल्या. त्यांनी त्या तिला वाचून दाखवल्या.

"यात तर तुम्ही नवी घेतलीत असं आहे, काका."

"मी जुनीच म्हटलं गं. शपथ घेऊन सांगतो."

"असू दे. यंत्र जुनी फाइल टाकून देत नाही, शेजारीच नाव बदलून ठेवतं. चारला काय वाजवायचं आणि तो आवाज कुठे ठेवलाय, तेही त्यातच लिहिलेलं असणार."

फाइल सापडली. काकांनी ती नुसती वाचण्यापुरती उघडली. काही ओळींच्या आधी जाळीसारखी खूण होती. त्या ओळी यंत्र वाचत नाही, त्या माणसांसाठी असतात, असं ती म्हणाली. पहिलीच ओळ होती, 'याला हात लावू नकोस, वेंधळ्या.' काकांना हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. आवाजाचा पत्ता असलेली ओळ मात्र कुठेच नव्हती. तिच्या जागी दुसरंच लिहिलं होतं. 'आवाज मी काढून घेतलाय. चारसाठी दिवसभर घरात बसतोस, मला बघवत नाही. दुकान उघड.'

"हे कधी लिहिलंय मॅडमनी? तारीख बघा ना."

काकांनी बघितली. "आजची आहे... तीन चाळीसची."

तीनपासून काका त्याच खुर्चीत बसून होते.

"घरात दुसरं कुणी..."

"कोण असणार?"

"त्या यंत्रावरचं मॅडमचं खातं तर मीच बंद केलं होतं, काका..."

"मला त्या ओळीखाली लिहायचंय," काका म्हणाले. "एकदाच ऐकव म्हणून. मग नाही मागणार. कसं लिहू ते सांग."

तिनं सांगितलं. काकांनी फाइल लिहिण्यासाठी उघडली, तर पडद्यावर इशारा आला. ही फाइल आधीच कुणीतरी उघडलेली आहे. त्याखाली काकूंचं नाव होतं. संगणक: हाच. काम: अजून चालू. तरीही पुढे जायचं का?

काकांनी ते तिला वाचून दाखवलं.

"काका... काही दाबू नका."

"नाहीच दाबत. बसलीय तोवर बसू दे तिला."

त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले आणि खुर्चीत जरा कडेला सरकले.

"काका..." ती कुजबुजली. "मग टाइप कोण करतंय? मला इथे फोनमधून कळांचा आवाज येतोय. भराभर... मॅडम करायच्या तसा."

काका वाकले. कीबोर्डला कान लावला. श्वास रोखून धरला. त्यांना काहीच ऐकू आलं नाही.

"अजून येतोय?" त्यांनी विचारलं.

"येतोय..."

"मग फोन ठेवू नकोस गं, पोरी."