सातव्या मिनिटाला काय होतं?

भुसावळच्या मुग्धा भारंबेची आई दर रविवारी सकाळी अकराला घरी यायची आणि सातव्या मिनिटाला नाहीशी व्हायची. एकदा नाही, सलग चार रविवार.

आता, यायची म्हणजे काही रिक्षातून उतरून यायची नाही. साल होतं २०६१. मुग्धाची आई सात महिन्यांपासून चंद्रावरच्या वसाहतीत खडक तपासायचं काम करत होती, आणि घरी यायची ती भेटपेटीतून. भेटपेटी म्हणजे पोळ्यांच्या डब्याएवढं एक गोल यंत्र. ते चालू केलं की त्याच्यावर समोरच्या माणसाची त्रिमितीय (लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही असलेली) आकृती उभी राहायची. वीतभरच, पण हुबेहूब. आई हसली की तिच्या गालावरची खळीसुद्धा दिसायची. वसाहतीतल्या प्रत्येकाला घरच्यांशी बोलायला आठवड्यातून वीस मिनिटं मिळत. मुग्धा सोमवारपासून त्या वीस मिनिटांची वाट बघायची, आणि पदरात पडायची सात.

बाबांनी मदत मागायची तेवढी मागितली. मदतवाहिनीवर फोन लावला, तर तिथला गोड आवाज म्हणाला, "यंत्र बंद करून पुन्हा चालू करा." केलं. पेटी चालू झाली, पण आई पुन्हा दिसायच्या आतच दोन मिनिटांत बंद पडली. मग बाबा पेटी घेऊन दुकानात गेले. तिथे ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकदाही बंद न पडता चालली. दुकानदार बाबांकडे असा बघायला लागला, की बाबा निमूटपणे पेटी काखोटीला मारून घरी आले.

"आपल्यालाच नखरे दाखवते ही," बाबा वैतागून म्हणाले. "चारचौघांत गेली की शहाणी होते."

 मुग्धाच्या मनात वेगळंच होतं, आणि ते तिने बाबांनाही सांगितलं नव्हतं. दर रविवारी शाळेचं, मैत्रिणींचं सगळं सांगून झालं की शेवटी ती आईला विचारायची, "आई, तू परत कधी येणार?" आणि नेमकी तेव्हाच आई नाहीशी व्हायची. चारही वेळा. मुग्धाने त्याचा अर्थ लावून ठेवला होता. आईला या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही, म्हणून ती स्वतःच भेट बंद करते.

आणि आता एकच रविवार उरला होता. त्यानंतर आईची तुकडी चंद्राच्या पलीकडच्या बाजूला जाणार होती. तिथून पृथ्वी दिसत नाही, आणि तिथले निरोप इकडे पोचवणारा उपग्रह अजून बसायचा होता. म्हणजे तीन महिने आईचा आवाजसुद्धा नाही.

गुरुवारी दुपारी वॉर्डाच्या दुरुस्ती केंद्रातून खटपटे आला. खटपटे हा यंत्रमानव. नाव केंद्रातल्या पोरांनी ठेवलेलं, पण त्याला ते भलतंच आवडलं होतं. दारातच त्याने आपली चाकं पायपुसण्यावर तीनदा पुसली आणि मग आत आला.

"नमस्कार भाऊ. पेशंट कुठंय?" त्याने विचारलं.

बाबांनी पेटी पुढे केली. "उघडून बघ. आतलं काहीतरी जळालं असणार."

"उघडायचं शेवटी. आधी विचारायचं." खटपटे मुग्धाकडे वळला. "मुग्धाताई, तुम्ही रोज हिच्याजवळ असता. कधी बंद पडली ते आठवतं का? किती मिनिटांनी?"

मुग्धाला न आठवायला काय झालं? "सात, सात, सहा, सात. पुन्हा चालू केली तर दोनच मिनिटं."

खटपटेचे डोळे हिरवे झाले. खूश झाला की व्हायचे. "हे फार कामाचं बोललात. तार सैल असती, तर पेटी कधी एका मिनिटात गेली असती, कधी पंधरा. पण इथं दरवेळी जवळजवळ सारखाच वेळ लागतोय. आणि लगेच पुन्हा लावली की त्याहून कमी वेळ. यावरून काय वाटतं तुम्हाला?"

मुग्धा विचार करायला लागली. बाबांनी तोंड उघडलं, तसा खटपटेने एक हात वर करून त्यांना थांबवलं.

"काहीतरी... भरत जातंय?" ती हळूच म्हणाली. "बादली भरते तसं. सात मिनिटांत भरते. आणि लगेच पुन्हा लावली तर ती रिकामी झालेलीच नसते, म्हणून लवकर भरते."

"शाब्बास! काय भरतंय ते बघू."

खटपटेने आईचा जपून ठेवलेला एक जुना निरोप पेटीवर लावला आणि तो पुन्हापुन्हा फिरत ठेवला. जेवणाच्या टेबलावर वीतभर उंचीची आई उभी राहिली आणि भरिताची वांगी कशी भाजायची ते बाबांना सांगायला लागली. दहा मिनिटं झाली, वीस झाली, चाळीस झाली. आईने सोळा वेळा वांगी भाजली, पण पेटी काही बंद पडली नाही.

"बघितलंस?" बाबा म्हणाले. "नखरे!"

"भाऊ, यंत्राला नखरे करता येत नाहीत. आणि ताई खोटं बोलत नाहीत. दोघंही खरं सांगतायत. म्हणजे आपल्याला न दिसलेलं मधे काहीतरी आहे." खटपटे पुन्हा मुग्धाकडे वळला. "चार रविवारांपूर्वी काय बदललं?"

"काही नाही."

"रविवारी सगळं अगदी असंच असतं?"

 मुग्धाचे कान लाल झाले. खटपटे थांबला. त्याला घाई नव्हती, आणि नसलेली घाई त्याने दाखवलीही नाही.

"त्याचा यंत्राशी काही संबंध नाही," मुग्धा शेवटी म्हणाली.

"नसेलही. लोकांचं बहुतेक हेच मला सांगायचं राहून जातं. संबंध आहे की नाही, ते आपण दोघं मिळून ठरवू."

मुग्धा आत गेली आणि कपाटातून एक छोटी चौघडी गोधडी घेऊन आली. आईच्या जुन्या सुती साड्यांची, मऊसूत. तिने ती टेबलावर घातली, हाताने सारखी केली आणि वर पेटी ठेवली. पेटी गोधडीत चांगली बोटभर रुतली.

"आपल्याकडे पाहुणं आलं की काहीतरी अंथरून मगच बसवतात ना," ती खाली बघत म्हणाली. "कोणीही येऊ दे. आणि आईला मात्र आपण नुसत्या टेबलावर उभं करतो. मला ते बरं नाही वाटलं, म्हणून चार रविवारांपासून अंथरते."

बाबांनी पुढे होऊन गोधडीचा दुमडलेला एक कोपरा सरळ केला.

खटपटेने आईचा निरोप पुन्हा लावला. आई वांगी भाजायला लागली. पाचवं मिनिट. सहावं. सातव्या मिनिटाला आई "देठ काढू नका हं," म्हणता म्हणता नाहीशी झाली.

"सापडलं!" बाबा उठलेच. "गोधडी काढा, तारही नवी घाला, आणि पेटी खिडकीपाशी नेऊ."

"भाऊ, बसा," खटपटे म्हणाला. "तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि पेटी चालली, तर कशामुळे चालली ते कसं कळणार? एका वेळी एकच बदलायची. बाकी सगळं जिथल्या तिथं."

पेटी निवेपर्यंत त्यांनी अर्धा तास वाट बघितली. मग फक्त गोधडी काढली. पेटी चालली. ती निवू दिली आणि गोधडी पुन्हा घातली. सातव्या मिनिटाला पेटी बंद! आता शंकेला जागा राहिली नाही.

"पण गोधडीनं काय होतं?" मुग्धाने विचारलं.

खटपटेने पेटी उलटी केली. तिच्या बुडाशी बारीक बारीक भोकं होती. "पेटीच्या पोटात एक प्रक्रियक (सगळी आकडेमोड करणारा भाग) असतो. त्यात नखाएवढ्या जागेत अब्जावधी सूक्ष्म बटणं असतात आणि ती विजेवर चालू-बंद होत राहतात. दरवेळी इवलीशी उष्णता बाहेर पडते. तुमचा पेटीवरचा शाळेचा धडा नुसतं सपाट चित्र असतो, त्याला काम थोडं. पण आईची आकृती सगळीकडून रेखायची म्हणजे काम भरपूर, आणि उष्णताही भरपूर. ती बाहेर काढायला आत पंखा आहे. तो या भोकांमधून गार हवा आत ओढतो आणि गरम हवा मागून बाहेर टाकतो."

"आणि गोधडीनं भोकं बुजली."

"हं. मग उष्णता आत साठत गेली. आत एक तापरक्षक (ठरावीक तापमानाला वीज तोडणारा पहारेकरी) बसवलेला असतो. पेटी जळू नये म्हणून तो सातव्या मिनिटाला सगळं बंद करतो. म्हणजे पेटी बिघडलेली नव्हतीच. ती स्वतःला वाचवत होती."

मुग्धाने गोधडीवर हात ठेवला. ती अजून कोमट होती. "म्हणजे गोधडी काही गरम नसते. आपण पांघरतो तेव्हाही ती आपलीच ऊब बाहेर जाऊ देत नाही, एवढंच."

"एवढंच. आणि जे मला सांगायचं होतं, ते तुम्हीच सांगून टाकलंत," खटपटे म्हणाला.

पण मुग्धाचे डोळे भरून आले होते. "म्हणजे मीच आईला घालवत होते. चारही वेळा."

खटपटेने मान तिरकी केली. यंत्रमानवाला रडू समजतं की नाही, यावर मोठमोठी माणसं अजून भांडतात. हा मात्र तिच्याजवळ सरकला. "ताई, ज्यांनी ही पेटी केली त्यांनी ती उन्हात ठेवून बघितली, पाण्यात बुडवून बघितली, तिसऱ्या मजल्यावरून टाकूनसुद्धा बघितली. पण कुणीतरी मायेनं तिच्याखाली गोधडी अंथरेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. ही त्यांची चूक. मी आजच त्यांना कळवतो. तुम्ही फटी असलेल्या लाकडी पाटाखाली अंथरा गोधडी. पाट वर, पेटी त्याच्यावर. खालून हवा खेळू दे, म्हणजे झालं."

रविवारी अकराला आई आली. सातवं मिनिट जवळ आलं तशी बाबांची नजर घड्याळावर खिळली. आठवं मिनिट लागलं. आई होती. नववं लागलं, तरी होती.

 आता पेटीचं निमित्त उरलं नव्हतं. आता आई गेली, तर ती स्वतःहून गेली असं समजायचं. तरीही मुग्धाने विचारलं, "आई, तू परत कधी येणार?"

चंद्रापर्यंत आवाज जायला सव्वा सेकंद आणि उत्तर यायला सव्वा सेकंद. मुग्धाला हे पाठ होतं. पण त्या दिवशीचे ते अडीच सेकंद संपता संपेनात.

"जूनमध्ये," आई म्हणाली. "पलीकडचं काम झालं की पहिल्या यानानं. तुझी शाळा सुरू व्हायच्या आत. किती दिवस झाले, तू हे विचारशील म्हणून मी वाट बघत होते गं."

"मी दरवेळी विचारलं! तू ऐकायच्या आत बंद पडायची पेटी." आणि मग मुग्धाने आतलं सगळं भडाभडा सांगून टाकलं. "मला वाटलं तूच बंद करतेस. तुला सांगायचं नाही म्हणून."

पुन्हा अडीच सेकंद गेले. वीतभर उंचीच्या आईने डोळे पुसले.

"आणि मला इकडे वाटत होतं," ती म्हणाली, "की मी तुला सोडून इतक्या लांब आले म्हणून तूच रुसून बंद करतेस. मी कुणाला विचारलंच नाही. गप्प बसले."

"आई," मुग्धा जरा दटावूनच म्हणाली, "आधी विचारायचं असतं."

अजून दहा मिनिटं बाकी होती. आई म्हणाली, "बरं मग, आता मी विचारते," आणि शाळेत बाकावर शेजारी कोण बसतं, इथपासून तिने सुरुवात केली.