संध्याकाळी बोलू

पहिल्याच भेटीत बिरदेवनं माझ्या पायावर उसाच्या रोपांचा ट्रे पाडला, आणि वर मलाच विचारलं, "तुमी मधी कशाला उभ्या ऱ्हाता?"

भवानीनगरच्या अलीकडं आमची रोपवाटिका. हिरव्या जाळीखालचे ट्रे मोजून गाडीत चढवून देणं माझं काम, आणि पिकअपमधून ते शेतावर पोचवणं ड्रायव्हरचं. त्या दिवशी नेहमीचा ड्रायव्हर आला नाही म्हणून हा आला... आणि मग रोज हाच यायला लागला. फवारे सुरू झाले की मुद्दाम भिजायचा. केसांतलं पाणी झटकत माझ्याकडं बघायचा. मी बघत नाही असं दाखवायचे. दिसायचं सगळं.

"नीट मोजलं का? कमी भरले तर मालक मला धरंल."

"तुमी बडबड थांबवली की नीट मोजते."

"मी गप बसलो तर तुमाला करमायचं न्हाय."

खरं होतं ते. पण माझ्याशी बोलणारं आणखीही कुणी होतं.

बारामतीला कॉलेजात असताना मला एका बाईचा आवाज ऐकू यायला लागला. दिसत कुणीच नव्हतं. ती म्हणायची, सगळे तुला हसतात, तुझ्या जेवणात काहीतरी कालवलंय. मी जेवण सोडलं, खोलीचं दार उघडणं बंद केलं. डॉक्टर म्हणाले, याला सायकोसिस म्हणतात. गोळ्यांनी तिचा आवाज बारीक झाला, पण पुरता गेला नाही. मग डॉक्टरांनीच युक्ती शिकवली. कामात ती बोलायला लागली की फोन कानाला लावायचा आणि तिला ठणकावायचं, 'आत्ता कामात हाय, संध्याकाळी बोलू.' बघणाऱ्याला वाटतं, पोरगी फोनवर आहे. आणि बाई गप्प बसते — बऱ्याचदा.

त्या बघणाऱ्यांत बिरदेवही होता, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

हळूहळू त्याची बडबड आटली. एक दिवस गाडीचा फाळका लावता लावता तो म्हणाला, "उद्यापासनं मी इंदापूरकडच्या गाडीवर जातोय, श्रेया. हितं दुसरा येईल."

"का?"

"तुमचं कुणीतरी हाय. रोज संध्याकाळचा वायदा देता त्याला. दुसऱ्याच्या बांधावर पाय टाकायची सवय न्हाय मला."

मला आधी हसू आलं. नुसतं हो म्हटलं असतं तरी झाकली मूठ राहिली असती. पण तो गेला असता... आणि मला तो हवा होता. इतका हवा होता, की खोटं बोलवेना.

"फोनवर कुणी नसतं," मी म्हणाले. आणि सगळं सांगून टाकलं.

तो किल्ली बोटात फिरवायचा थांबला. "आत्ता बोलती का ती?"

"व्हय."

"काय म्हणती?"

"म्हणती... तू माझ्या मागं मला हसतोस." तुमीचं तू कधी झालं, मला कळलंच नाही.

"हसतो की. पण मागं कुठं? तोंडावरच हसतो." मग त्याचा चेहरा उतरला. "हे... जातंय का कधी?"

"म्हाईत न्हाय. जाईल, न्हायतर वाढंलबी."

त्यानं नुसती मान हलवली, गाडी चालू केली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली तरी पिकअप आली नाही. बाईला ऊत आला होता. सांगितलं होतं ना, कोण थांबतंय तुझ्यासाठी? फोन कानाला लावून मी तिला दटावत होते आणि ओढणीनं डोळे पुसत होते. तिचंच खरं ठरतंय, याचीच मला भीती वाटत होती.

ऊन उतरताना गाडी आली. बिरदेवच्या शेजारी हिरव्या साडीतली एक बाई बसली होती. आजवर माझी ती आवाजातली बाई फक्त ऐकू यायची... आता दिसायलाही लागली की काय? मी माझ्यासोबत ट्रे भरणाऱ्या रंगुमावशीला हळूच विचारलं. तिला माझं सगळं ठाऊक होतं.

"मावशे, गाडीत कोण दिसतंय?"

"बिरदेवची आई की. फुलाबाई."

माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात बिरदेव येऊन म्हणाला, "आईला सांगितलं सगळं."

मी भडकले. "तुला कुणी सांगायला लावलं होतं? माझी गोष्ट होती ती."

"चुकलंच. तुला इचारायला पायजे हुतं. पण लपवून न्यायची का तुला घरात?"

त्या 'घरात'वर माझा राग तिथंच विरला.

फुलाबाई उतरून जवळ आल्या. त्याही घाबरल्या होत्या. पदराचं टोक सारखं बोटाला गुंडाळत होत्या.

"मला त्यातलं काय कळत न्हाय, पोरी. रातभर डोळ्याला डोळा लागला न्हाय माझ्या. एवढं सांग, त्या गोळ्या जेवायच्या आधी घ्यायच्या का जेवल्यावर?"

"जेवल्यावर. रातच्याला."

त्यांनी लेकाकडं बघितलं. "मग आता जेवणं येळेवर करावी लागतील. तुझ्या नादानं रोज उशीर हुतो."