अकरावा धडा

गटातल्या पोरांनी विमानातच तिचं नाव मास्तरीणबाई ठेवलं, कारण तिच्या पिशवीत कपड्यांपेक्षा खडूच जास्त होते. कॉलेजच्या सेवासहलीचं हे विसावं वर्ष. परदेशातल्या त्या खेड्यात दरवर्षी नवा गट तीन आठवड्यांसाठी यायचा, शाळेला पिवळा रंग द्यायचा, वाचनाचं तेच पुस्तक पहिल्या धड्यापासून शिकवायचा आणि डोळे पुसत विमानात बसायचा.

वर्गात तेवीस मुलं होती. पहिल्याच दिवशी सगळी एका सुरात "ताई" म्हणाली. आधीच्या गटांनी शिकवलं असणार. पुढच्या बाकावर सातेक वर्षांची एक मुलगी होती, तिचा वरचा दात लोंबत होता. धडा वाचून झाला की जिभेनं दात ढकलत ती विचारायची, "पुढचं, ताई?" मास्तरीणबाईचा तिच्यावर जीव जडला.

मुलं हुशार होती, जरा जास्तच. तिनं मागायच्या आत कुणीतरी डस्टर पुढे करायचं. चौथ्या धड्यात तिनं एक गंमत सांगितली, तर ती सांगून संपायच्या आधीच वर्ग हसला. दोन आठवडे उलटले तरी तो दात काही पडेना.

हेडमास्तरांच्या खोलीत आधीच्या एकोणीस गटांचे फोटो ओळीनं लावले होते. प्रत्येकात तेवीस मुलं. पुढच्या रांगेत एक मुलगी, लोंबता दात, फ्रॉकचं दुसरं बटण तुटलेलं.

"या सगळ्या हिच्या बहिणी का, सर?"

"तिला बहीण नाही." हेडमास्तरांनी फोटोवरची धूळ बाहीनं पुसली. "तुम्ही दहा धडे शिकवा. सगळे तेवढेच शिकवतात."

"आणि अकरावा?"

"पुढचा गट येतो. पहिल्यापासून सुरू करतो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोटोंचं काय ते कोडं असेल, पण वीस वर्षं पोरांना दहाव्या धड्यावर अडकवून ठेवायचं? वर येणाऱ्या गटांना सेवेची प्रमाणपत्रं! तिनं वर्गातलं पुस्तक उघडलं. अकराव्या धड्याची पानं छापखान्यातून आली तशीच कडांना जोडलेली होती. एकाही पुस्तकात कुणी ती फाडली नव्हती.

निघायच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर तिनं मुलीला थांबवून घेतलं. आपल्या पट्टीनं पानं मोकळी केली. मुलगी अडखळत, बोट ठेवत वाचत गेली. शेवटचा शब्द वाचला आणि दात पानावर पडला.

रक्त आलं नाही. मुलगी हसली, दात ताईच्या हातावर ठेवला आणि पट्टी मागून घेतली.

दारातून जाताना तिचा फ्रॉक गुडघ्यांच्या वर गेलेला दिसला. सकाळी तो पोटऱ्यांपर्यंत होता. आपण थकलोय, असं मास्तरीणबाईनं स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढचा बाक रिकामा होता. हेडमास्तरांनी न अडखळता बावीस नावं पुकारली.

फाटकापाशी बस उभी होती. शेजारी एक म्हातारी बाई छोटा फ्रॉक छातीशी धरून जमिनीवर बसली होती. तिच्यामागे सव्वीस-सत्तावीस वर्षांची बाई उभी होती, आईच्या ढगळ स्वेटरमध्ये. तिनं तोंड उघडलं. वरच्या दाताची जागा रिकामी होती.

"पुढचं, ताई?"

मास्तरीणबाईला हुंदका फुटला. हिचं बालपण तिनं एका दुपारी संपवलं होतं, आणि ते परत द्यायचा धडा कुठल्याच पुस्तकात नव्हता.

"चल, विमान चुकेल," गटातला कुणीतरी म्हणाला आणि तिला हाताला धरून बसमध्ये चढवलं.

बस हलली. तिनं मागच्या काचेतून पाहिलं.

ती तरुण बाई शाळेच्या कुंपणाच्या आत गेली होती. बावीस मुलं पुस्तकं घेऊन तिच्यासमोर रांगेत उभी होती. मास्तरीणबाईच्या पट्टीनं ती एकेकाची पानं मोकळी करत होती.