उद्या या, कप्तान

टाक्याने त्या दिवशी दुकान जरा लवकर बंद केलं, एवढंच. चपला-बूट शिवायचं दुकान. पुढे काउंटर, त्याच्यामागे बसायला दोन स्टुलं, त्यामागे सरळ भिंत. मागचं दार वगैरे काही नाही, हे लक्षात ठेवा. निघाला तेव्हा त्याच्या काखेत पिशवी होती आणि पिशवीत एक जुना बूट. कुणालाही वाटावं, गिऱ्हाइकाला द्यायला चाललाय.

पण तो चालला होता फॅन क्लबात. कप्तान वारला होता ना! कप्तानचा डावा पाय बॉलला लागला की अख्खं स्टेडियम श्वास घ्यायचं विसरायचं, असा माणूस. आणि या क्लबाची एक रीत आहे. मोठा खेळाडू गेला की पुढच्या मॅचआधी एका चाहत्याने त्याची जर्सी हातांवर घेऊन मैदानाला फेरी मारायची. एकट्याने. टाळी नाही, आवाज नाही. हा मान कुणाला? जो कप्तानच्या सगळ्यात जवळचा, त्याला. म्हणून सगळे आठवणी सांगायला जमलेले.

रेडिओने सुरुवात केली. हा टाक्याचा जुना दोस्त, मॅचभर तोंडाने कॉमेंट्री चालू, म्हणून रेडिओ.

"गोल मारला आणि कप्तान कठडा ओलांडून सरळ माझ्या अंगावर! मिठी मारली आणि म्हणाला, घसा बसला की रे तुझा!"

"आणि तेव्हा टाक्या कुठे होता?" कुणीतरी हसत विचारलं. सगळ्यांना माहीत होतं.

"माझ्यासाठी चहा आणायला गेला होता!"

हशा. टाक्याही हसला, पण आतून त्याचं काळीज करपलं. रेडिओच्या बाजूच्याच सीटवर बसायचा हो तो! इतकी वर्षं घसा फोडला, आणि कप्तानने एकदाही त्याच्याकडे बघितलं नाही. आता जर्सीही हाच नेणार?

टाक्याने पिशवीतून बूट काढून टेबलावर ठेवला. लेस तळव्याखालून दोन वेढे देऊन बांधलेली, अगदी कप्तानसारखी.

"एकदा तिन्हीसांजेला तो माझ्या दुकानात आला," टाक्या हळूच म्हणाला. "डावा बूट काढून दिला, शिवून ठेव म्हणाला. मी म्हटलं, उद्या या. तो परत आलाच नाही. मी कुणाला बोललो नाही..."

क्लबचे म्हातारे मामा डोळे पुसायला लागले.

"मग घरी कसा गेला?" रेडिओने विचारलं. त्याचा आवाज खरंच बसला होता.

"तसाच. एका पायात बूट, एक पाय अनवाणी. टक... थप... टक... थप..."

बूट कुणा विसरभोळ्या गिऱ्हाइकाचा होता. पण मामांनी तो काचेच्या कपाटात ठेवला, आणि मान टाक्याला मिळाला.

मॅचच्या दिवशी भरलेलं स्टेडियम गप्प उभं होतं. हातांवर जर्सी घेऊन टाक्या मैदानाभोवतीच्या सिमेंटच्या वाटेवरून निघाला. छाती अशी फुगलेली! अर्धी फेरी झाली, आणि मागून आवाज आला.

टक... थप...

त्याला वाटलं, भास. तो थांबला. आवाजही थांबला. तो चालायला लागला. टक... थप... ओल्या गवताचा वास यायला लागला, त्यात दुखऱ्या गुडघ्याला चोळायच्या मलमाचा. टाक्याने मागे बघितलं नाही. मान वळेचना.

कठड्यापाशी रेडिओ उभा होता. डोळ्यांत पाणी, जबडा आवळलेला.

"मी हात केला कप्तानला," तो पुटपुटला. "ओळखसुद्धा दाखवली नाही रे. सारखा तुझ्या पाठीकडे बघत होता..."

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला टाक्या मान खाली घालून टाका घालत होता. टक... थप... आवाज काउंटरसमोर येऊन थांबला. काउंटरच्या फळीखालच्या फटीतून त्याला एक अनवाणी पाऊल दिसलं. बोटांमध्ये चिखल, गवताची काडी.

"झाला का?"

खरं सांगून टाकायचं ना! पण जन्माची सवय जिभेवर.

"उद्या या, साहेब."

"...बरं."

सकाळीच टाक्या मामांकडे धावला, पॉलिश करतो म्हणून बूट घेऊन आला. संध्याकाळी टक... थप... ऐकू आलं, तसा काउंटरवर ठेवला. मग अगदी शांतपणे,

"हा माझा नाही. माझा कुठंय?"

"उद्या... उद्या या..."

शेवटी टाक्याने रेडिओला सगळं सांगितलं, खोट्यासकट. वाटलं, शिव्या घालेल, क्लबभर बोंब मारेल.

"खोटं बोललास तरी तुझ्याकडेच येतो?" रेडिओ म्हणाला. "मी आयुष्यात खोटं बोललो नाही रे!"

तेव्हापासून रेडिओ रोज संध्याकाळी टाक्याशेजारच्या स्टुलावर येऊन बसतो. तास तास. कान टवकारून. काही होत नाही. कंटाळून तो चहा आणायला उठतो, आणि नेमका तेवढ्यातच...

"आला होता?" परत आल्यावर तो विचारतो. टाक्या हो म्हणून मान हलवतो. रेडिओ ओठ चावतो.

काल तो चहाला गेलाच नाही. येतानाच तीन कप घेऊन आला. एक टाक्याला, एक स्वतःला, आणि एक काउंटरवर, वाफाळता.

"आज मी इथून हलत नाही. बघू कसा चुकवतो मला."

दोघं रस्त्याकडे डोळे लावून बसले. अंधारून आलं. कुणी आलं नाही. रेडिओ रडवेला होऊन उठला.

"बघ... मी असलो की येतच नाही."

टाक्या तिसऱ्या कपाकडे बघत होता. कप रिकामा होता, काठाला गवताची एक काडी चिकटलेली.

"रेडिओ... तू प्यायलास?"

"नाही रे."

आणि त्यांच्या पाठीमागे, जिथे फक्त भिंत आहे तिथे, अगदी हळू...

थप.