कसा लागतोय, सांगा ना!

जानेवारीतली दुपार होती, बर्फ भुरभुरत होता... आणि तो माझ्या गाडीसमोर येऊन उभा राहिला.

कोरियातल्या कुनसानच्या बाजारात आईनंतर होत्तॉकची, म्हणजे गोड सारणाच्या पोळ्यांची, गाडी मीच चालवते. सारण भरलेला उंडा तव्यावर दाबून लालसर भाजला, कागदी पेल्यात घालून त्याच्या हातात दिला. त्यानं एक घास घेतला आणि डोळे मिटून नुसताच उभा राहिला.

"बिघडलाय का?" मी घाबरून विचारलं.

"नाही हो. मला चवच कळत नाही... तापात गेली. शाळा सुटली की रोज खायचो हा. वाटलं, निदान हा तरी ओळखू येईल." मग ओशाळून म्हणाला, "तुम्हीच सांगा ना, कसा लागतोय?"

त्याचं नाव दोग्युन. सोलच्या एका हॉटेलात सूप करायचा. चव गेल्यावर गावी परतला होता.

मी सांगू लागले, "आधी कुरकुरीत कड. मग साखरेचा पाक — सावकाश, भाजेल! मग शेंगदाण्याचा कूट. शेवटी दालचिनी, जरा नाकात चढते."

"तुमच्यासारखी?"

"पहिल्याच दिवशी थट्टा?"

तो हसला. दुसऱ्या दिवशी आला, मग रोजच येऊ लागला. सकाळी पीठ मळताना मी आज त्याला काय सांगायचं तेच जुळवत बसायचे.

फेब्रुवारीत एकदा खाता खाता तो सहज बोलून गेला, "आज पिठात मीठ जास्त झालंय का हो?"

माझा हात थांबला. त्याचाही.

"तुम्हाला चव कधी आली?"

"...मागच्या मंगळवारी."

"आणि मी वेड्यासारखी रोज वर्णन करतेय!"

"येरिन, चव आली म्हटलं की कामावर जावं लागणार. काल शेवटी हॉटेलात कळवलं, सोमवारी बोलावलंय त्यांनी. आणि तुम्ही सांगायचं थांबवलं असतं..." त्याचे कान लाल झाले होते. "मला चवीपेक्षा तुमचं सांगणंच जास्त आवडायला लागलंय."

राग यायला हवा होता. आला नाही. तव्यावरचा होत्तॉक मात्र करपला.

"रविवारी माझी गाडी बंद असते," मी तव्याकडे बघतच म्हटलं. "सोलला आले, तर स्टेशनवर घ्यायला येशील?"

"येशील...?" तो हळूच म्हणाला. "येशील म्हणालीस?"

"का? आता ऐकूही येईनासं झालं?"

"येतंय," तो म्हणाला. "पण पुन्हा एकदा म्हण ना."