गाडीतला फ्रिज आणि दुपारचं गौडबंगाल

"रसिका, खालून दही आण गं," मंदाआत्याने स्वयंपाकघरातून हाक मारली.

रसिकाने हातातले पत्ते उपडे ठेवले आणि डोळे मिटून घेतले. सकाळपासून ती दुधासाठी, कोथिंबिरीसाठी आणि आल्याच्या एवढ्याशा तुकड्यासाठी जिना उतरली होती. आता संध्याकाळी काका गाडीची रोजची फेरी मारून आला, तर दही. इतरांच्या घरी फ्रिज स्वयंपाकघरात असतो. त्यांच्या घरी तो इमारतीच्या मागे, गाडीत होता.

ही करामत जितेशकाकाची. त्याने एका शाळेची जुनी मिनीबस विकत घेतली होती, तिच्यातल्या सीटा काढून पलंग, ओटा आणि छोटं टेबल बसवलं होतं. मे महिन्याच्या सुट्टीत सगळ्यांनी या फिरत्या घरातून गुहागरला गावी जायचं ठरलं होतं. गाडीसाठी वेगळा छोटा फ्रिज मिळतो, असं मेकॅनिकने सांगितलं, तेव्हा काका हसला होता. "घरात चांगला दोन दारांचा फ्रिज आहे. तो काय शोभेला ठेवलाय?" असं म्हणून त्याने चार माणसं लावून फ्रिज जिन्यावरून खाली नेला, पट्ट्यांनी बसच्या भिंतीला आवळला आणि दारांना कड्या लावल्या. छपरावर सौर पॅनेल, त्यातून बॅटरी भरणार, बॅटरीवर इन्व्हर्टर चालणार आणि इन्व्हर्टरवर फ्रिज.

"निघायच्या आधी आठवडाभर चालवून बघू. सगळ्यांना सवय होईल," काका म्हणाला होता.

सवय फक्त रसिकाच्या पायांना झाली होती.

ती खाली गेली, दह्याचं भांडं काढलं आणि झाकण उघडताच तिने नाक दाबलं. दही आंबून फसफसलं होतं. शेजारचं दूध नासलं होतं. फ्रिज मात्र थंडगार होता आणि शांतपणे घुरघुरत होता.

रात्री घरात न्यायालय भरलं. आरोपी नेहमीचेच तिघे होते: तेरा वर्षांची रसिका, तिचा धाकटा भाऊ साहिल आणि समोरच्या घरातली मैत्रीण निशिगंधा.

"दिवसभर दार उघडझाप करता तुम्ही. बर्फ हवा, सरबत हवं. थंडावा टिकेल कसा?" काका म्हणाला.

"काका, तुम्हीच पाठवता आम्हाला," रसिका म्हणाली.

"उलट बोलू नकोस. उद्यापासून सकाळी मी गाडीला कुलूप लावून दुकानात जाणार. जे काय काढायचं ते त्याआधी काढा."

काकाने खरंच कुलूप लावलं. तरीही दूध पुन्हा नासलं. काका म्हणाला, "सकाळी उघडलं असेल तुम्ही जास्त वेळ." रसिकाला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. गाडी दिवसभर बंद, किल्ली काकाच्या खिशात, आणि दोष मुलांचा!

पण गोष्ट नुसत्या दुधाची राहिली नाही. मंदाआत्याचं इन्सुलिनही त्याच फ्रिजमध्ये होतं. आत्या म्हणजे काकाची आणि बाबांची मोठी बहीण. बाबा नोकरीसाठी नाशिकला असायचे, आई सकाळीच ऑफिसला निघायची, आणि घर खऱ्या अर्थाने आत्याच चालवायची. गेले काही दिवस ती सारखी पाणी पीत होती. भाजी चिरता चिरता दमून बसत होती. आईने घरच्या मशीनवर तिची साखर तपासली, तर आकडा भलताच वर. डॉक्टरांनी सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला, "औषध नीट थंड राहतंय ना?"

त्या रात्री आईने नवीन इन्सुलिन आणून निशिगंधाच्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवलं आणि काकाला स्पष्ट सांगितलं, "भाऊजी, प्रवासात शेजाऱ्यांचा फ्रिज नसेल. उद्यापर्यंत याचं कारण सापडलं नाही, तर फ्रिज वर येईल आणि गुहागर रद्द."

"वहिनी, फ्रिज उत्तम आहे. मी रोज सकाळी बघतो, संध्याकाळीही बघतो. बर्फासारखा असतो," काका म्हणाला आणि त्याने मुलांकडे बघितलं.

रसिका उठून गॅलरीत गेली. साहिल आणि निशिगंधा तिच्यामागे आले.

"हे असंच चालू राहणार," ती म्हणाली. "मोठी माणसं शोधणार नाहीत, नुसती आपल्याकडे बघणार. आपणच शोधू."

"काय शोधणार? सकाळी थंड, संध्याकाळी थंड," निशिगंधा म्हणाली.

"मधल्या वेळेचं काय?"

दुसऱ्या दिवशी रसिकाने एक युक्ती केली. रात्रीच तिने एक वाटी पाणी फ्रीजरमध्ये ठेवलं होतं. सकाळी त्याचा घट्ट बर्फ झाला होता. काका कुलूप लावायला येण्याआधी तिने काकाच्या हत्यारांच्या पेटीतला एक लोखंडी नट त्या बर्फावर ठेवून दिला.

"फ्रिज दिवसभर चालू राहिला तर नट वरच राहील," तिने साहिलला समजावलं. "बंद पडला तर बर्फ वितळेल आणि नट तळाला जाईल. मग संध्याकाळी फ्रिज पुन्हा कितीही थंड होऊ दे, नट काही वर येणार नाही."

साहिलने तिच्याकडे आदराने बघितलं. असं क्वचित घडायचं.

पण संध्याकाळपर्यंत थांबायची रसिकाची तयारी नव्हती. ऊन मी म्हणत होतं. आत्याने नेहमीप्रमाणे मुलांना जेवू घातलं आणि फर्मान काढलं, "चला, आडवे व्हा. उन्हात कोणी भटकायचं नाही." तिने खोलीचं दारही ओढून घेतलं. थोड्या वेळाने तिघे पावलं न वाजवता जिना उतरले.

पेणकरपाड्यातली त्यांची इमारत जुनी, दोन मजली. मागे जागा अगदी कमी, त्यामुळे गाडी भिंतीला चिकटूनच लावलेली असायची. रसिकाने खिडकीच्या काचेला दोन्ही हात लावून आत डोकावलं. दाराजवळ एक छोटा डिजिटल पडदा होता. छपरावरच्या पॅनेलमधून किती वीज येतेय ते त्यावर दिसायचं. काका तो आकडा सगळ्या पाहुण्यांना दाखवायचा. पण दाखवायचा संध्याकाळी, आणि तेव्हा तिथे काही नसलं की म्हणायचा, "आता सूर्य मावळला ना."

आता सूर्य डोक्यावर होता आणि पडद्यावर जवळजवळ शून्य होतं.

"फ्रिजचा आवाज येतोय का बघ," रसिका म्हणाली.

साहिलने पत्र्याला कान लावला आणि चटका बसून झटकन मागे सरला. "काहीच नाही. अगदी गप्प आहे."

"म्हणजे रात्रभर फ्रिज चालून बॅटरी उतरते," रसिका हळूहळू जुळवत म्हणाली. "सकाळी पॅनेलने ती भरायला हवी. ती भरत नाही, म्हणून फ्रिज बंद पडतो. संध्याकाळी काका गाडी पलीकडच्या काशीगावपर्यंत फिरवून आणतो, तेव्हा इंजिनावर बॅटरी भरते आणि फ्रिज परत सुरू. मग तो उघडून बघतो आणि म्हणतो, बर्फासारखा आहे."

"म्हणजे पॅनेल बिघडलंय?" निशिगंधाने विचारलं.

"किंवा वर काहीतरी आहे. काकाला सांगूया."

तिने आईच्या जुन्या मोबाईलवरून काकाला फोन लावला. दुकानात गर्दी होती. "रसिके, तुम्ही गाडीपाशी काय करताय? हात लावू नका कशाला. मी आल्यावर बघतो," काका म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

रसिकाने फोनकडे अशा नजरेने बघितलं, की निशिगंधा दोन पावलं मागे सरकली.

"ठीक आहे," रसिका म्हणाली. "तुमच्याकडे जळमटं काढायचा लांब झाडू आहे ना?"

छपरावर जायची शिडी काकाने रंगवायला दिली होती. निशिगंधाने झाडू आणला. त्यांनी दांड्याच्या टोकाला मोबाईल रबराने घट्ट बांधला, व्हिडिओ चालू केला आणि दांडा वर उचलला. तो डुलत होता. साहिलने खालून रसिकाची कंबर धरली, त्याने काहीच फायदा झाला नाही, पण त्याला बरं वाटलं.

तेवढ्यात वरून खरखर आवाज आला. त्यामागून कोणीतरी दबक्या आवाजात विचारलं, "कोण आहे रे खाली?"

तिघे गाडीखाली घुसले. झाडू ओढून घेताना मोबाईल जमिनीवर आपटला, पण फुटला नाही. धुळीत पालथं पडून त्यांनी व्हिडिओ बघितला. आधी आकाश, मग पहिल्या मजल्याच्या गॅलरीचा कठडा, मग छप्पर. काळी पॅनेलं कुठेच दिसत नव्हती. त्यांच्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढरं प्लास्टिक अंथरलं होतं, आणि त्यावर ओळीने पोह्याचे पापड वाळत होते. एक लांब काठी प्लास्टिकचा कोपरा नीट करत होती. काठी धरलेल्या हातात हिरव्या बांगड्या होत्या.

"आत्या," साहिल पुटपुटला.

रसिकाने व्हिडिओ थांबवला. मग साहिलच म्हणाला, "आत्ता काकाला हा व्हिडिओ पाठव. किती बोलला तो आपल्याला."

रसिकालाही तेच वाटत होतं. इतके दिवस ऐकून घेतलेलं सगळं एका झटक्यात फेडता आलं असतं. बोट व्हिडिओवर टेकलंही होतं. पण मग तिला भाजी चिरता चिरता भिंतीला टेकून बसलेली आत्या दिसली. सगळ्यांसमोर, काकाच्या मोठ्या आवाजात हे तिला ऐकावं लागणार होतं.

"नाही," ती म्हणाली. "आधी आत्याला सांगायचं."

आत्या मागच्या गॅलरीत स्टुलावर बसली होती. घामाने तिचा चेहरा ओला झाला होता. मुलांना बघून तिने काठी पाठीमागे लपवली. कपडे वाळत घालायची ती काठी तिच्यापेक्षा उंच होती, त्यामुळे ती लपली नाही.

"झोपला नाहीत?"

"आत्या, तू पापड कशावर वाळत घातलेस?" रसिकाने विचारलं.

आत्याने सुस्कारा सोडला. "बघितलंत वाटतं. आईला सांगू नका हं. डॉक्टरांनी उन्हात उभं राहू नका म्हटलंय, म्हणून यंदा पापड नको, असं तिने बजावलंय. गच्चीलाही कुलूप घालून ठेवलंय लोकांनी. पण एवढ्या वर्षांनी गावी जायचं, तर रिकाम्या हाताने कशी जाऊ? जितेशच्या गाडीवर काच बघितली. स्वच्छ, गुळगुळीत, आणि तापते पण छान. इथून काठीने सरकवता येतं, उन्हात जायलाच नको."

"ती काच कशासाठी आहे, माहितीये तुला?"

"शोभेची असेल. त्याला हौस भारी."

रसिका तिच्याजवळ खाली बसली आणि तिने सावकाश सगळं सांगितलं. ऊन, पॅनेल, बॅटरी, फ्रिज. शेवटचा भाग सांगायची वेळच आली नाही. आत्याच्या हातातली काठी घसरून खाली पडली.

"म्हणजे माझं औषध..." ती म्हणाली. "मीच रोज नासवत होते?"

"तुला माहीत नव्हतं ना, आत्या."

"आणि बोलणी तुम्ही खात होतात." आत्याने साहिलला जवळ ओढलं. तिचे डोळे भरले होते. "एकदा तरी मी म्हणायला हवं होतं, की पोरांना उगाच बोलू नकोस. मलाही वाटलं, तुम्हीच उघडत असाल."

"ते जाऊ दे. आधी खात्री करू," रसिका म्हणाली. "साहिल, खाली जा आणि पडद्यावर लक्ष ठेव."

रसिका आणि निशिगंधाने काठीला प्लास्टिकचं टोक अडकवलं आणि पापडांसकट ते हळूहळू गॅलरीत ओढून घेतलं. दोन-चार पापड खाली गेले. काळी पॅनेलं उन्हात चमकली. क्षणभराने खालून साहिलचा आवाज आला, "वाढतोय! आकडा वाढतोय!"

संध्याकाळी काका आला, गाडी काढायला निघाला, तेव्हा आत्याने त्याला थांबवलं. आईही नुकतीच ऑफिसमधून आली होती. आत्याने रसिकाला गप्प राहायची खूण केली आणि सगळं स्वतः सांगितलं, काही न गाळता. मग रसिकाने काकाकडून किल्ली घेतली, फ्रीजरमधली वाटी आणली आणि त्याच्या हातावर ठेवली. नट बर्फाच्या खाली, वाटीच्या तळाशी होता.

काका वाटी फिरवून फिरवून बघत राहिला. तो हसू दाबत होता.

"हसू नका, भाऊजी," आई म्हणाली. तिने आधी आत्याकडे मोर्चा वळवला. "वन्सं, पापडांसाठी जीव घालवायचा होता का? मला म्हणाला असतात, तर रविवारी मीच केले असते." मग ती काकाकडे वळली. "आणि तुम्ही. उन्हावर चालणारी गोष्ट रोज सूर्य मावळल्यावर तपासत होतात. या मुलीने दुपारी फोन केला, तर तिचं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाहीत."

काकाचं हसू विरलं. त्याने वाटी खाली ठेवली.

"चुकलं माझं," तो म्हणाला. मग मुलांकडे वळून, जरा अडखळत, पुन्हा म्हणाला, "तुमची तिघांची माफी मागतो. मी एवढे पैसे घालून गाडी बांधली आणि तिचं दुखणं मात्र तुम्ही शोधलंत."

"आणि शोधून आधी माझ्याकडे आले," आत्या म्हणाली. "तुझ्याकडे आले असते, तर तू सगळ्या पेणकरपाड्याला ऐकवलं असतंस. ही अक्कल मोठ्यांना नसते कधी कधी."

आईने रसिकाच्या केसांतली गाडीखालची धूळ झटकली.

उरलेले पापड निशिगंधाच्या गॅलरीत वाळले. नव्या औषधाने आत्याची साखर उतरू लागली, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर गाडी निघाली. निशिगंधालाही सोबत घेतलं होतं.

भर दुपारी जेवायला थांबायची वेळ झाली. रस्त्याकडेला एक मोठं आंब्याचं झाड होतं, त्याच्याखाली गार सावली. काकाने सवयीने गाडी तिकडे वळवली, मग वेग कमी केला आणि आरशातून मागे बघितलं.

"रसिका, कुठे लावू?"

"उन्हात," रसिका म्हणाली.

काकाने निमूटपणे गाडी रखरखीत उन्हात लावली. आईने डबे उचलले, आत्याने सतरंजी घेतली, आणि सगळी मोठी माणसं तापलेल्या रस्त्यावरून झाडाकडे चालू लागली. मागे बंद गाडीत फ्रिज घुरघुरत होता.